टाळीची चाल

भिवाजीनं क्लॅरनेटची पत्ती जिभेवर फिरवून ओली केली, वाद्याच्या तोंडाशी असलेल्या खाचेत बसवली, तिच्यावरचा पट्टा आवळला आणि वाद्य मुलापुढं धरलं.

“फुकून पाह्य बरं. मले आवाज लयच बारीक वाटून राह्यला.”

देवमन बाज ओढत बसला होता. दांडीला पाय लावून त्यानं सुंभाची दोरी हाताला गुंडाळली होती. त्यानं वर पाहिलं नाही.

“तुमीच पाहा, बाबा. माहे हात गुतले आहेत.”

हात गुंतले होते हे खरं, पण बाज कालही ओढून झाली होती आणि परवाही. परदेशातून आल्यापासून या पोरानं ती इतकी ताणली होती, की आता तिच्यावर निजायचं की थाप मारून भजन म्हणायचं, असं त्याच्या आईनं, लिलाबाईनं, सकाळीच विचारलं होतं. त्यावरही तो हसला नव्हता.

भिवाजीनं वाद्य मांडीवर आडवं ठेवलं. ही पत्ती देवमननंच तिकडून आणली होती, बापासाठी, डबीभर. वेताच्या गुळगुळीत पत्त्या, सगळ्या एका हातानं कापल्यासारख्या. चांगल्या पत्तीसाठी भिवाजीनं आजवर अकोल्याला किती खेटे घातले असतील आणि शेवटी हाती येईल ती काचेच्या तुकड्यानं घासून कशी निभावून नेली असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आता हवी तशी पत्ती मिळाली, तर ती कशी बोलते हे सांगायला आणणारा तयार नव्हता.

तिकडं म्हणजे चेकोस्लोव्हाकियात. हे नाव मेडशीत तीनच माणसं घेत आणि तिघं तीन तऱ्हांनी घेत. बाकीचं गाव ‘विलायत’ म्हणून मोकळं झालं होतं. लिलाबाई नुसतं ‘तिकडं’ म्हणे आणि हात अकोल्याच्या दिशेनं करी, कारण देवमनला घेऊन गेलेली एसटी त्याच बाजूला वळली होती. देवमन नागपूरला कॉलेजात होता. कॉलेजचा मोठा बँड होता, त्याला तिकडच्या विद्यार्थ्यांच्या संमेलनाचं बोलावणं आलं, आणि क्लॅरनेट वाजवणाऱ्या पोरांत मेडशीच्या भिवाजीचा पोरगा निवडला गेला. विमानात बसणारा गावातला तो पहिला माणूस. त्याला पोचवायला फाट्यावर एवढी माणसं जमली होती, की कंडक्टरला वाटलं वरात आहे. जागा नाही म्हणून तो बेल मारून निघालाच होता.

आता तोच पोरगा परत आला होता आणि वाजवत नव्हता. बोलत होता, जेवत होता, आईबरोबर कापूस वेचायला जात होता. पण क्लॅरनेट दिसलं, की त्याला कुठलंतरी काम आठवे.

याचा अर्थ आपल्याला कळला आहे, असं भिवाजीला वाटत होतं. पोराला बँडची लाज वाटू लागली होती. बँडची म्हणजे बापाची.

आणि ती लाज सोसणं त्याला जड होतं, कारण त्या बँडसाठी तो आपल्याच माणसांशी भांडला होता. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं गावकीची कामं टाकली, त्यात डफडंही टाकलं. गावात लग्न असो की मढं, हाक आली की वाजवत जायचं, ते बंद झालं. जाणत्यांनी तर ठरवलं होतं, की यापुढं वाजवण्याचं नावच नको. त्या बैठकीत भिवाजी, तेव्हा मिसरूड फुटलेला, उठून म्हणाला होता, “डफडं हुकमानं वाजत होतं. बँड सुपारीनं वाजते. सुपारी नाई पटली तं वापस करता येते.” पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्यानं लाल कोट शिवून घेतले, पायात बूट नसलेला माणूस बँडात चालणार नाही असा नियम केला, आणि मालेगाव-रिसोडपर्यंत ‘मेडशीचा बँड’ असं नाव कमावलं. देवमन त्याच बँडच्या मागं चालत चालत मोठा झाला होता.

“रविवारी सत्कार आहे तुहा,” भिवाजी म्हणाला. “शाळेच्या मैदानात. सरपंच सोता येऊन सांगून गेले. दोनक चाली वाजवा लागतीन तुले.”

“सत्काराले येतो. वाजवाचं नाई.”

“काहून?”

“नाई म्हनलं ना, बाबा.”

चुलीपाशी भाकर थापण्याचा आवाज थांबला.

“अवो, राहू द्या ना,” लिलाबाई म्हणाली. “पोरगं थकलं असंन.”

“विमानात बसून मानूस थकते काय?” भिवाजी म्हणाला, आणि क्लॅरनेट फडक्यात गुंडाळून बाहेर पडला. पोराशी नीट बोलायचं ठरवून तो बसला होता आणि असलंच काहीतरी तोंडून निघालं, याचा त्याला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत बँडची तालीम होती. लग्नसराईला अजून अवकाश होता, पण सत्काराला पाहुण्यांपुढं फजिती नको म्हणून भिवाजीनं सगळ्यांना बोलावलं होतं. कापूस वेचून आलेले हात जड पडत होते. ढोल मात्र दणकून वाजत होता, कारण तो पंजाबरावच्या गळ्यात होता, आणि पंजाबरावला हळू बोलणं आणि हळू वाजवणं दोन्ही जन्मात जमलं नव्हतं. मनानं तो लोण्याचा गोळा. देवमनला त्यानं खांद्यावर बसवून रिसोडचा बाजार दाखवला होता.

लिलाबाईनं चहाची किटली देऊन देवमनला तिथं पाठवलं. बापलेकांत बोलणं व्हावं म्हणूनच पाठवलं असणार, नाहीतर ती किटली पोचवायला घरासमोरची कितीतरी पोरं मोकळी होती.

“आला रे आला, विलायतवाला आला!” पंजाबराव ओरडला. त्यानं ढोलाच्या काड्या काखेत दाबल्या आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही हसत हसत त्याला साथ दिली.

देवमन जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा उतरला, खांदे आखडले. मोकळ्या हाताची बोटं मांडीवर एकामागून एक पडली आणि मुठीत बंद झाली. मग त्यानं किटली खाली ठेवली आणि आल्या वाटेनं निघून गेला.

“म्या काय वंगाळ केलं?” पंजाबरावनं विचारलं. त्याचे हात अजून हवेतच होते.

भिवाजीनं आत्ता जे पाहिलं ती लाज नव्हती. लाजलेला माणूस मान खाली घालतो. हे पोरगं मार चुकवणाऱ्यासारखं उभं राहिलं होतं.

नाल्याच्या काठावर बाभळीखाली देवमन सापडला. भिवाजी त्याच्या शेजारी बसला. पलीकडच्या ज्वारीत कुणीतरी पाखरं हाकलत होतं, त्या हाळ्या इकडं ऐकू येत होत्या.

“कोनी मारलं का तुले तिकडं?”

“नाई.”

“मंग टाळ्यांले काहून भेला?”

देवमन पायातला काटा काढत असल्यासारखा तळवा चाचपत राहिला. काटा नव्हताच. मग तो बोलू लागला.

“पयलाच कार्यक्रम होता, बाबा. लय मोठा हॉल. आपलं सारं गाव नेऊन बसवलं तरी मांगच्या खुर्च्या रिकाम्या राहतीन. आमी पयली चाल वाजवली. चांगली वाजली. बँडच्या मास्तरनं काडी खाली केली, आमी थांबलो. अशी सामसूम झाली का मले माह्याच छातीचा आवाज ये. अन् एकदम टाळ्या पडल्या.”

“मंग?”

“मंग काय? टाळ्या पडल्या का काय करत असतो आपन?”

भिवाजीला क्षणभर प्रश्नच कळला नाही, इतकं त्याचं उत्तर उघड होतं. टाळ्या पडल्या की काय करतात? भटजीचं शेवटचं सावधान होतं, अंतरपाट सुटतो, ज्वारीच्या अक्षता उडतात, मांडव टाळ्यांनी भरून जातो, आणि त्या टाळ्यांवरच बँड उठतो. वाट पाहायची नाही, इकडंतिकडं बघायचं नाही. एक श्वास उशीर झाला तर नवरीचा मामा मागं वळून डोळे वटारतो. त्या वेळची चाल ठरलेली असे; भिवाजीच्या बँडात तिला टाळीची चालच म्हणत. देवमनच्या हाती क्लॅरनेट दिलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा तीच शिकवली होती. बाकी साऱ्या चाली विसरला तरी चालंन, असं सांगून. ही मात्र झोपेतही आली पाहिजे.

“तू टाळीची चाल वाजवली?”

“वाजवली नाई, बाबा. वाजली. मले कळाच्या आंदी बोटं पडले. एवढ्या मोठ्या हॉलात मी एकटाच वाजवून राह्यलो. आर्धी चाल झाली तवा ध्यानात आलं का सारे पोट्टे माह्याकडं पाहून राह्यले.”

भिवाजीला हसू फुटणार होतं. टाळी पडताच अर्धी चाल वाजवून मोकळं होणारं पोरगं कुठल्याही बँडवाल्यानं डोक्यावर घेतलं असतं. पण देवमनच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ते हसू त्यानं मिशीतच दाबलं.

“लोकं हासले?”

“लोकं नाई हासले. त्यायले वाटलं, हे बी कार्यक्रमातलंच हाय. त्यायनं तं आजून टाळ्या वाजवल्या. हासले ते आपले.” तो थांबला. “मास्तर पडद्यामांगं म्हणे, लग्नातला बाजा तो लग्नातलाच राहणार. पुढच्या गावाले मले वाजवू देल्लं नाई. पेट्या उतरवाचं काम देल्लं. अन् पोट्टे मी दिसलो का टाळ्या वाजवत. जेवाले बसलो का टाळ्या. मोटारीत चढलो का टाळ्या. पार नागपूर येईपर्यंत.”

भिवाजीनं जवळची गवताची काडी उपटली आणि तिचे तुकडे करत राहिला. लग्नातला बाजा, हे शब्द पोराला लागले होते, पण ते होते त्याच्याबद्दल, भिवाजीबद्दल. आणि पोरानं ते इतके दिवस पोटात ठेवले, ते बापाची लाज वाटून नव्हे. बापाला लागतील म्हणून. हे उमगलं तेव्हा त्याच्या छातीवरचा एक धोंडा खाली उतरला, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा येऊन बसला.

“चूक माही हाय,” तो म्हणाला. “मीच तुले तशी सवय लावली.”

“तुमची कायची चूक?”

“पण मले एक सांग. त्या टाळ्या होत्या कोनाच्या? तिथं काय कोनाचं लगन लागून राह्यलं होतं?”

देवमननं पहिल्यांदाच बापाकडं सरळ पाहिलं.

“आमच्याच होत्या, बाबा. वाजवणाऱ्याच्या.”

“वाजवणाऱ्याच्या?”

“हो. वाजवून झालं का लोकं टाळ्या वाजवतेत. चांगलं वाजवलं म्हनून. अन् आपन उभं राहून आयकाच्या.”

“आयकाच्या? वाजवाचं नाई?”

“नाई. नुसतं उभं राहाचं.”

भिवाजीला हे पटेना. इतक्या लग्नसराया सरल्या, इतके मांडव झाले, त्यात टाळ्यांचा कडकडाट त्यानं उभ्या जन्मात ऐकला तेवढा गावात कुणी ऐकला नसेल. पण त्यातली एकही टाळी त्याची नव्हती. टाळी नवरानवरीची, बँडवाल्याला तो नुसता इशारा. चांगलं वाजलं तर लोक नाचत, फारच चांगलं वाजलं तर आणखी वाजवा म्हणत, आणि सगळ्या पंगती उठल्यावर बँडवाल्यांना वाढत. हे रास्त आहे की नाही, असा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता.

“नुसतं उभं राहाचं,” तो पुन्हा म्हणाला. “कठीण हाय बाप्पा ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरपंचांकडं गेला. नानाजी ओट्यावर बसून कडुनिंबाच्या काडीनं दात घासत होते. माणूस मोठा शेतकरी, बोलायला फटकळ, पण देवमनचं बोलावणं आलं तेव्हा गावभर सांगत फिरलेला.

“नानाजी, एक इनंती होती,” भिवाजी म्हणाला. “रविवारी पोराच्या सत्काराले टाळ्या नका वाजवू देऊ.”

नानाजींनी काडी तोंडातून काढली.

“सत्कार करून राह्यलो का मयत, भिवाजी? टाळ्या नाई वाजवाच्या तं लोकायनं काय डोये पुसाचे?”

“तसं नाई, नानाजी...”

“नजर लागते म्हनतं का पोराले? अरे, तुमच्यात तं नजर-बिजर मानत नाई ना आता!”

खरं कारण सांगायचं तर पोराची गोष्ट चव्हाट्यावर मांडावी लागली असती, आणि ती मांडायचा हक्क बापालाही नव्हता. भिवाजी “बरं” म्हणून माघारी फिरला. वाटेत त्यानं विचार केला. टाळ्या गावाच्या हातात होत्या, त्या काही थांबवता येत नव्हत्या. चाल मात्र आपल्या हातात आहे. टाळ्या पडल्या आणि त्यांच्यावर तीच चाल उठली, तर पोराच्या जखमेवर मीठ पडेल, आणि तेही बापाच्या हातानं.

त्या संध्याकाळी त्यानं बँडला ताकीद दिली.

“देवमनच्या गळ्यात हार पडला, टाळ्या झाल्या, तरी कोनी वाजवाचं नाई. ढोलाले काडी लागली नाई पाह्यजे.”

“टाळीवर वाजवाचं नाई?” पंजाबराव म्हणाला. “मंग कशावर वाजवाचं, शिंकेवर?”

“वाजवाचंच नाई.”

“म्या नाई वाजवणार, भिवाजीभाऊ. पण ह्या हाताले कोन सांगन? ते कुठी माह्यं आयकते?”

“काड्या खाली ठेव अन् हात बांधून उभा राह्य.”

पंजाबरावनं भिवाजीकडं पाहिलं, मग काल देवमन निघून गेला होता त्या वाटेकडं पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तो काही न बोलता गप्प बसला.

रविवारी शाळेचं मैदान भरलं. टेबलावर सतरंजी, सतरंजीवर पितळी तांब्यात झेंडूची फुलं, मागं खुर्च्या. पुढं माणसं, कडेला बाया. बायांत लिलाबाई देवमननं आणलेला लोकरीचा रुमाल डोईवर घेऊन बसली होती. ऊन चांगलं तापलं होतं आणि तिच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण तो रुमाल काढायला ती तयार नव्हती. बँड मैदानाच्या एका अंगाला, कडुनिंबाच्या सावलीत, लाल कोट घालून उभा होता.

नानाजींचं भाषण झालं. त्यांनी त्या देशाचं नाव चौथ्याच तऱ्हेनं घेतलं. मेडशीचा सूर साता समुद्रापार गेला, असं ते म्हणाले, आणि ते ऐकताना देवमन दोन्ही तळवे गुडघ्यांत धरून बसला होता. नानाजींनी हार उचलला. भिवाजीनं पंजाबरावकडं पाहिलं. पंजाबरावनं हात पाठीमागं बांधले होते आणि डोळे गच्च मिटले होते.

हार पडला. टाळ्या सुरू झाल्या.

भिवाजीची छाती आपोआप भरली. बोटं आपापल्या भोकांवर जाऊन बसली, क्लॅरनेट ओठांपर्यंत आलं. त्यानं ते जबरदस्तीनं खाली ओढलं आणि पायाला लावून धरलं. ओठ दाताखाली दाबले. भरलेला श्वास कुठं सोडावा ते त्याला कळेना. इतक्या वर्षांत त्या आवाजावर तो गप्प राहिला नव्हता, आणि आता प्रत्येक टाळी त्याच्या कानशिलावर बसत होती.

टाळ्या विरळ झाल्या आणि थांबल्या. पुढं काहीच झालं नाही. गावाच्या कानालाही सवय होती. टाळी झाली की बँड. जिन्याची पायरी हुकावी तसं लोकांना झालं. माना मागं वळल्या.

“बँडवाले झोपले का काय?” बायांमधून कुणीतरी म्हणालं.

नानाजींनी हातानं खूण केली, वाजवा. भिवाजी खाली मातीकडं बघत राहिला.

समोरून पावलं वाजली. त्यानं वर पाहिलं तर देवमन खुर्चीवरून उठून, हारासकट, मैदान ओलांडून आला होता आणि त्याच्यापुढं उभा होता.

“चाल काहून थांबवली, बाबा?”

“तुह्यासाठी,” भिवाजी हळूच म्हणाला. “म्हनलं, तुले आजून तरास नको.”

देवमननं बापाच्या पायाला चिकटलेलं ते क्लॅरनेट पाहिलं.

“मास्तर बोलला ते मले लागलं,” तो म्हणाला. “पण चाल वाईट हाय, असं म्या कवा म्हनलं? तुमी तिले कायले लपवून राह्यले?”

आपण पोराचं दुःख झाकतो आहोत असं भिवाजीला वाटत होतं. झाकत होतो ती आपलीच चाल, जणू तिचीच लाज वाटावी, हे त्याला आत्ता कळलं, तेही भर गावासमोर.

“द्या इकडं.”

देवमननं क्लॅरनेट त्याच्या हातातून घेतलं. हार मध्ये येत होता, तो त्यानं मानेवरून काढून पंजाबरावच्या ढोलावर ठेवला. पंजाबरावनं डोळे उघडले आणि घाईघाईनं काड्या उचलल्या. देवमन बँडच्या पुढं, जिथं त्याचा बाप उभा राहत असे, तिथं उभा राहिला. त्यानं पत्ती ओठांत धरली, बोटं भोकांवर ठेवली. आणि वाजवलं नाही. तो तसाच थांबला.

पुढं काय करायचं ते कुणाला कळेना. नानाजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. लिलाबाईनं डोक्यावरचा रुमाल घट्ट धरला होता.

पोरगं कशाची वाट पाहतं आहे, हे तिथं फक्त एका माणसाला माहीत होतं.

भिवाजीनं आपल्या हातांकडं पाहिलं. ते रिकामे होते. लग्नात, मिरवणुकीत, कुठल्याच समारंभात ते कधी रिकामे नव्हते, त्यामुळं टाळी वाजवण्याची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्यानं ते उचलले आणि एकमेकांवर मारले. पहिली टाळी नीट बसली नाही. बोटं बोटांवर गेली. दुसरी बसली.

तिच्यावर देवमनचा सूर उठला, आणि पाठोपाठ पंजाबरावचा ढोल. गावानं सुटल्यासारखा श्वास सोडला. पुढच्या रांगेतली पोरं नाचायलाही लागली.

चाल सुरू झाली की टाळ्या थांबवायच्या असतात. भिवाजी वाजवतच राहिला.